हंगामी स्थलांतराचा गावाच्या विकासावर आणि नागरिकत्वावर काय परिणाम होतो?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांकडे पाहिले, तर उत्तर दुहेरी मिळते. मुकादमाने (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराने) दिलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, घरावर स्लॅब टाकला जातो, मुलीचे लग्न होते, क्वचित विहीरही खोदली जाते. मात्र ती उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

माझ्या मते खरी झळ बसते ती नागरिक म्हणून असलेल्या हक्कांना. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी अनेक वाड्या-तांड्यांवर प्रामुख्याने म्हातारी माणसेच उरलेली असतात, त्यामुळे घरकुलाची यादी किंवा रोजगार हमीची कामे ठरताना ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे, तेच गैरहजर असतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीलाच झाली. मतदानासाठी गावी यायचे, तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी दोन्ही अंगावर पडतात (उमेदवाराने गाडी पाठवली, तर गोष्ट वेगळी). रेशन आता दुसऱ्या गावीही घेता येते, परंतु फडावरच्या (ऊसतोडीच्या शेतावरच्या) कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, दुकान लांब असते. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. ते आई-वडील निघण्यापूर्वी सुरू झाले, तरच मूल गावात राहते.