सुट्टीतल्या सुया: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याची पत्रं बहुतेक आजोळच्या पत्त्यांवरून आली आहेत. घरात माणसं जास्त, हात जास्त, आणि त्यामुळे घोटाळेही जास्त.

आम्ही दोघी जावा, नणंद, दोन भाच्या आणि सासूबाई मिळून होणाऱ्या बाळासाठी चौकोनांचं पांघरूण विणतोय. प्रत्येकीने ३० टाके घातले, सुया आणि लोकर सारखीच, तरी एकीचा चौकोन १३ सेंमीचा आणि दुसरीचा १७चा. जोडताना चुण्या पडतात. (चिपळूण)

तुमचं ३० टाके ठरवणंच चुकलं. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणी दोरा आवळून धरतं, कुणी सैल सोडतं, आणि सांगून तो बदलत नाही. सासूबाईंचा हात तर पन्नास वर्षांचा, तो आता कुणाचं ऐकणार! म्हणून टाके मोजणं सोडा, मोजपट्टी धरा आणि चौकोन कोपऱ्यातून विणा.

कृती अशी. २ टाके घाला. प्रत्येक सुई (म्हणजे ओळ) सुलटच विणायची, आणि प्रत्येक सुईच्या पहिल्या टाक्यात दोनदा विणून (एकदा पुढच्या पायातून, एकदा मागच्या) एक टाका वाढवायचा. कोपऱ्यापासून त्रिकोण वाढत जाईल. त्याची सुईवरची लांब कड नव्हे, कोपऱ्यापासून सुईपर्यंतची बाजूची कड मोजा. ती १५ सेंमी झाली की वाढवणं थांबवा. त्यापुढे प्रत्येक सुईचे पहिले दोन टाके एकत्र विणून एकेक कमी करत चला. शेवटचे २ राहिले की तेही एकत्र विणून दोरा ओढून घ्या. मधोमध कुणाच्या सुईवर ३८ टाके असतील, कुणाच्या ४५. चौकोन मात्र १५चाच. मोजताना वीण सपाट जमिनीवर ठेवा. मांडीवर ताणून मोजलेली १५ सेंमी खरी नसते.

५ × ६ असे ३० चौकोन म्हणजे ७५ × ९० सेंमीचं पांघरूण. ८ प्लायची (मध्यम जाडीची) लोकर आणि ८ नंबरच्या (४ मिमी) सुया असतील, तर एका चौकोनाला साधारण १५ ग्रॅम लागते. तीसांना ४५० ग्रॅम, जोडणी आणि काठासाठी आणखी ५०. पहिला चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून हिशेब पक्का करा. सैल हाताची वीण जाळीदार होत असेल, तर तिला ९ नंबर (३.७५ मिमी) द्या. लोकर घेताना सगळ्या गुंड्यांच्या लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना, ते बघा. दुकानात सारखे दिसणारे दोन पांढरे घरी उन्हात शेजारी ठेवले की फरक कळतो.

जोडण्याआधी सगळे चौकोन जमिनीवर मांडून तिरक्या रेघांची दिशा ठरवा. चार चौकोनांचे सुरुवातीचे कोपरे एका बिंदूत आणले की मोठी शंकरपाळी दिसते. शिवताना दोरा आवळू नका, शिवण विणीइतकीच ताणली गेली पाहिजे. आणि ॲक्रिलिकच्या (कृत्रिम) लोकरीवर इस्त्री अजिबात नको. एकदा उष्णतेने वीण मेली, की ती परत उठत नाही.

नऊ वर्षांची नात विणायला शिकतेय. २० टाके घालून देते, दहा सुयांनंतर मोजावेत तर २७! वाढतात कुठून? (नागपूर)

दोन जागा तपासा. पहिली कडेची. सुई वळवल्यावर दोरा सुईच्या वरून मागे ओढला, की पहिला टाका वर उचलला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे शेजारी उभे राहतात. मूल दोन्हींत विणतं. उपाय: नवी सुई सुरू करण्यापूर्वी दोरा आधी खाली ओढायचा, मग सुईच्या खालूनच मागे न्यायचा. दुसरी जागा मधली. सुलट विणताना दोरा नकळत पुढे आला, तर सुईवर एक जादा वेढा पडतो. त्याच्याखाली टाक्याची गाठ नसते, नुसती आडवी दोरी असते. पुढच्या सुईला तो वेढा सरळ सोडून द्यायचा. विणून टाकला तर तिथे भोक पडतं.

नातीला फिकट रंगाची, गुळगुळीत ८ प्लायची लोकर आणि आखूड सुया द्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीत मोठ्यांनाही टाका दिसत नाही. दर सुईनंतर मोजायची सवय लावा, म्हणजे २१वा टाका जन्मतःच सापडेल. ती डावखुरी असेल तर शेजारी न बसवता समोर बसवा. तिला तुमचे हात आरशातल्यासारखे दिसतील आणि जसंच्या तसं उचलता येईल.

उन्हाळ्यात घामाने लोकर सुईवर अडते आणि पांढरी लोकर करडी होते. पावडर लावावी का? (पनवेल)

पावडर नको, ती विणीत बसते. करडेपणा ॲल्युमिनियमच्या सुयांचा आहे, घामाने तो जास्त सुटतो. पांढऱ्या कामाला बांबूच्या किंवा स्टीलच्या सुया घ्या. मांडीवर सुती पंचा अंथरा, म्हणजे विणलेला भाग अंगाला चिकटणार नाही. मोठं पांघरूण मेमध्ये मांडीवर घेऊन बसणं ही शिक्षाच आहे. या दिवसांत सुटे चौकोनच बरे.

सुती दोऱ्याचा टॉप विणला. मापात होता, दोन धुण्यांत गुडघ्याकडे निघाला! (पुणे)

लोकर ताणली तर परत येते, सूत येत नाही. शिवाय ते जड असतं, ओलं झाल्यावर आणखी जड, आणि तुम्ही ते दोरीवर वाळत घातलं असणार. पुढच्या वेळी ४ प्लायचं सूत आणि १० नंबर (३.२५ मिमी) घ्या. आधी १५ सेंमीचा नमुना विणा, धुवा आणि खाली तीन चिमटे लावून रात्रभर टांगा. मग मोजा. १० सेंमीचे १०.६ झाले असतील, तर ५५ सेंमी लांबीसाठी ५२च विणायचे. खालचा काठ पसरू नये म्हणून तो १२ नंबरवर, दहा टक्के कमी टाक्यांनी विणा. आताचा टॉप वाचवायचा तर खांद्याच्या शिवणीत आणि मागच्या गळ्यात सुती पट्टी शिवून घ्या, आणि यापुढे आडवाच वाळवा.

भाची न्यू जर्सीहून क्रोशाचा नमुना घेऊन आली. आमच्या दोघींचं एकाच कागदावरून वेगवेगळं निघतं. (ठाणे)

तुम्ही ब्रिटिश नावं शिकलात, कागद अमेरिकन आहे. अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ तेच ब्रिटिश ‘डबल क्रोशे’, म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन ‘डबल’ तेच ब्रिटिश ‘ट्रेबल’, म्हणजे आपला खांब. कागदावर कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं, की नमुना अमेरिकन समजा. ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. विणायच्या सुयांचे नंबरही उलटे: आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, तिकडे जाड. आपला ८ म्हणजे ४ मिमी, त्यांचा ८ म्हणजे ५. नंबर सोडा, मिलिमीटर विचारा.

थोरल्याचा बाळंतविडा ट्रंकेत डांबरगोळ्यांत जपून ठेवलाय. दुसऱ्यासाठी धुऊन वापरू का? (नाशिक)

नवजात बाळाला तरी वापरू नका. या गोळ्यांतलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं. काही बाळांत जी-६-पी-डी हे एन्झाइम कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात ते कमी आहे, हे बघून कळत नाही. आधी कपडे असे वापरले गेले असतील आणि बाळ पिवळं दिसत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्यांचं आवर्जून सांगा.

गंमत म्हणजे कसर खऱ्या लोकरीला लागते. ॲक्रिलिकचं टोपडं आणि सुती दुपटं स्वच्छ असेल तर ती सहसा त्याच्या वाटेला जात नाही. तेव्हा नवा संच विणाल तो वापर संपल्यावर धुऊन, सावलीत पूर्ण कोरडा करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या मोज्यांचा आतला भाग बाहेर काढून बघा: लोंबणारा एखादा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो. सगळी टोकं विणीत ओवून मगच कापा. आणि टोपड्याला गळ्याशी बांधायची लांब नाडी लावू नका.