जातमुचलक्यातली ‘जात’ कोणती?

परभणीहून एका ताईंनी विचारलंय : “पेपरात ‘पंधरा हजारांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर आरोपीची सुटका’ अशी बातमी होती. आठवीतल्या मुलीनं विचारलं, मुचलका प्रत्येक जातीचा वेगळा असतो का? मला उत्तर देता आलं नाही. जामीन आणि जातमुचलका यांत फरक काय? आणि ‘जामीनावर’ लिहायचं की ‘जामिनावर’?”

ताई, मुलीचं काही चुकलं नाही. चुकलं बातमी लिहिणाऱ्याचं. ‘वैयक्तिक जातमुचलका’ म्हणजे पिवळा पीतांबर. मुचलका म्हणजे लेखी हमी, आणि जातमुचलका वैयक्तिकच असतो, कारण त्यातल्या ‘जात’ या शब्दाचा अर्थच ‘स्वतः’ असा आहे. लिहिणाऱ्याला ती ‘जात’ ओळखू आली नाही, म्हणून त्यानं पुढे ‘वैयक्तिक’ची ठिगळ लावली. माझा तर्क असा : सरकारी परिभाषेत ‘वैयक्तिक बंधपत्र’ आहे, कोर्टाच्या आवारात ‘जातमुचलका’ आहे, आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवून हा शब्द तयार झाला.

आता ही जात. ब्राह्मण, मराठा, महार, वंजारी यांतली जात संस्कृत ‘जाति’वरून आलेली, ‘जन्’ धातूची, जन्माशी बांधलेली. मुचलक्यातली जात अरबी ‘ज़ात’. अरबीत ‘ज़ू’ म्हणजे ‘अमुक गोष्ट असलेला’, त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘ज़ात’. तिथून अर्थ सरकत सरकत ‘सत्त्व, स्वत्व, स्वतः’ असा झाला. रायगड घेणारा जो झुल्फिकार खान, त्याच्या नावातलं ‘झुल्’ आणि आपल्या जातमुचलक्यातली ‘जात’ ही सख्खी भावंडं आहेत! मोगलांच्या मनसबीतही हीच जात भेटते. मनसबदाराच्या दर्जाचे दोन आकडे असत, ‘जात’ आणि ‘सवार’. जात म्हणजे त्याचा स्वतःचा दर्जा, त्यावर त्याचा स्वतःचा पगार. सवार म्हणजे त्यानं बाळगायचे घोडेस्वार. पाच हजार जात असलेला सरदार राजपूत असो, मराठा असो की इराणी, त्या आकड्याला त्याच्या जन्माशी देणंघेणं नव्हतं.

‘कलेक्टरांनी जातीने लक्ष घातलं’ यातली जातही हीच. ‘जातीनिशी हजर’ यातलीसुद्धा हीच. अलीकडे मात्र शिकलेली मंडळी ‘जातीने’ लिहायला कचरतात. एका संपादकांनी माझ्या लेखातलं ‘जातीने’ खोडून ‘व्यक्तिशः’ केलं आणि वर सांगितलं की जातिवाचक शब्द आम्ही छापत नाही. हेतू चांगला होता, पण निर्दोष शब्दाला शिक्षा झाली.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांनी तरी हा घोटाळा करू नये. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात कोर्टाची भाषा उर्दू होती. माझे आजोबा उर्दूत शिकलेले. दोन भावांच्या भांडणात कुणी तिसरा पडला की ते म्हणायचे, “उनका जाती मामला है, तू बीच में मत पड.” उर्दूत आजही ‘ज़ाती मुचलका’च म्हणतात. मराठीत गोंधळ झाला त्याचं कारण उच्चारात आहे. फारसी-अरबीतला ‘ज़’ आपल्याकडे ‘जमीन’मधल्या ‘ज’सारखा झाला, आणि आपल्या ‘जात’मधला ‘ज’ही तसाच, ‘जीव’मधल्या ‘ज’सारखा नाही. लिपीत नुक्ता, म्हणजे ‘ज़’खालचं टिंब, नाही. दोन वेगळ्या देशांचे शब्द एकाच कपड्यात उभे राहिले. गंमत अशी की उर्दूत उलटं घडलं. तिथे जातपातीलाही ‘ज़ात-पात’ असंच लिहितात.

‘मुचलका’ हा शब्द तुर्की-मंगोल. तेराव्या शतकात मंगोलांनी इराण जिंकलं तेव्हा तो फारसीत शिरला आणि तिथून आपल्याकडे आला. ‘दरोगा’ही मंगोलच. या बाबतीत आमच्याकडच्या एका व्युत्पत्तिकारांशी माझं कधीच पटणार नाही. ते व्याख्यानांतून सांगत फिरतात की मुचलका संस्कृत ‘मुच्’वरून आला, मुच् म्हणजे सुटणं, मुचलका दिला की माणूस सुटतो. ऐकायला गोड आहे, पण साफ खोटं आहे. मुचलका सुटण्याचा कागद नाही, बांधून घेण्याचा आहे. निवडणूक किंवा गणपती आले की चांगल्या वर्तणुकीचा मुचलका ज्यांच्याकडून घेतात, ते अटकेत असतातच असं नाही. जो अडकलेलाच नाही तो ‘मुच्’मधून सुटणार कसा? आणि ‘लका’ हा प्रत्यय संस्कृतात कुठला, हे त्यांनी एकदा दाखवावं.

जामिनाबद्दलही असंच एक खूळ आहे. जामीन मागताना सातबारा मागतात, म्हणून ‘जामीन’ हा ‘जमीन’वरून आला, असं वकिलांच्या तोंडूनही ऐकलंय. जमीन फारसी, जामीन अरबी, काही नातं नाही. अरबीत ‘ज़ामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. जामीन मुळात माणूस आहे! जुन्या व्यवहारात हाजीरजामीन म्हणजे अमक्याला हजर करीन असं सांगणारा, मालजामीन म्हणजे त्याचं देणं मी भागवीन म्हणणारा. आपण ‘जामीन’ त्या सुटकेलाच म्हणू लागलो, मग माणसासाठी शब्द उरला नाही, म्हणून ‘जामीनदार’ बनवला.

ताईंनी विचारलेला फरक इथेच आहे. जामीनदार म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासाठी उभं राहायचं, सातबारा किंवा ऐपतीचा दाखला घेऊन. जातमुचलका म्हणजे तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं की तारखेला येईन, न आलो तर एवढी रक्कम भरीन. पंधरा हजार आधी मोजावे लागत नाहीत. बीडचा ऊसतोड मजूर सांगलीच्या फडावर पकडला गेला, तर सांगलीत त्याच्यासाठी कोण उभं राहणार? कोयत्यावर गेलेल्या माणसाकडे तिथे ना नातेवाईक, ना सातबारा. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं असंच झालं. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, जामीनदारासह दिलेला बंध आणि जामीनदाराविना दिलेला बंध यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन समजावा आणि त्याला बिनजामीनदार सोडावं, हेही कलम ४७८मध्ये आहे. जुन्या कायद्यातही ते होतं. तरी २०२२च्या अखेरीस देशातल्या दर शंभर बंद्यांत सुमारे ७६ कच्चे कैदी होते, म्हणजे खटला संपायच्या आधीच आत बसलेले. ‘जामीन मंजूर’ एवढंच छापून बातमी संपते. जामीनदार मिळेना म्हणून तो मजूर आतच आहे, हे दुसऱ्या दिवशी कुणी छापत नाही. जामीन आणि जातमुचलका हे दोन शब्द वेगळे ठेवा, असं मी बातमीदारांना हात जोडून सांगतो, ते एवढ्यासाठी.

‘जामिनावर’ हेच बरोबर. गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला, तसं जामीन–जामिनावर.