बंड्याची पिवळी उलटी

प्रश्न: डॉक्टर, आमचा बंड्या लॅब्रेडॉर आहे, 12 वर्षांचा. गेल्या आठवड्यात तीनदा सकाळी उठल्या उठल्या पिवळी फेसाळ उलटी केली, नंतर एकदम नॉर्मल, शेपूट हलवत चपाती मागतो. सासूबाई म्हणतात पित्त झालंय, ओव्याचं पाणी पाजा. मिस्टर म्हणतात आपलीच अॅसिडिटीची गोळी अर्धी देऊ. बाकी औषध काही नाही, महिनाभर झाला पायाच्या दुखण्याची गोळी चालू आहे एवढंच. दवाखान्यात न्यावंच लागेल का? गाडीत चढताना आता त्याचे फार हाल होतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, ते शेवटचं "एवढंच" वाचलं आणि मी तिथेच अडकलो. मेलोक्सिकॅम, कारप्रोफेन असल्या सांधेदुखीच्या गोळ्यांनी दुखणं थांबतं खरं पण जठराच्या अस्तराला त्रास होतो, कधी अल्सरपर्यंत जातं, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या किडनीवरही ताण येतो. तर पुढची गोळी देऊ नका, ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा. शी डांबरासारखी काळी होत असेल तर फोनवर भागणार नाही, लगेच न्या. आणि माणसांची पेनकिलर तर चुकूनही नको, कॉम्बिफ्लाम देऊन आणलेली कुत्री मी बघितलीत.

आता पिवळं म्हणजे पित्तच, सासूबाई चूक नाहीत. रात्री आठला जेवण आणि मग थेट सकाळी नऊला, एवढा वेळ पोट रिकामं राहिलं की काही कुत्र्यांना असं होतं, झोपताना थोडा भात दिला की थांबतं. बंड्या चार वर्षांचा असता तर एवढं सांगून मी पत्र संपवलं असतं. पण 12व्या वर्षी किडनी, लिव्हर, स्वादुपिंड, कधी पोटातली गाठ, सगळ्याचं पहिलं लक्षण हीच उलटी असू शकते आणि कुत्रं शेपूट हलवतंय यावर जाऊ नका, लॅब्रेडॉर तर मरणाच्या दारातही चपाती मागेल.

पाण्याचं भांडं दिवसातून किती वेळा भरताय ते बघा. पाणी आणि शू वाढली, वजन उतरलं, तोंडाला वेगळाच वास येतो असं काही असेल तर किडनी तपासायलाच हवी. रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं साधारण 75 टक्के काम गेलेलं असतं, म्हणून रक्ताबरोबर लघवीही तपासायला सांगा. गाडीचे हाल होत असतील तर घरी येऊन रक्त घेणारं कोणी आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी येतात. उलटीचा फोटो काढून ठेवा, घाण वाटली तरी.

ज्या दिवशी उलटी होईल त्या दिवशी काही तास पोटाला आराम, पाणी थोडं थोडं, मग उकडलेलं चिकन आणि मऊ भात, मीठ-तेल-कांदा काही नको. दिवसभर उपाशी ठेवू नका, या वयात झेपत नाही.

मात्र दिवसात दोन-तीनदा झाली, पाणीही टिकेना, रक्त दिसलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पोट फुगलंय, सारखा ओकायला बघतोय पण काहीच बाहेर येत नाही असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उचला आणि न्या, जठराला पीळ बसलेला असू शकतो, त्यात तासांचाच खेळ असतो.

अॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ती उलटी दाबेल आणि कारण तसंच राहील. ओव्याचं पाणी विष नाही हो, पण मळमळणाऱ्या कुत्र्याचा जबडा उघडून ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, तेव्हा पाजापाजी नको एवढं सासूबाईंना गोडीत सांगा.