कुत्र्याचं चार महिन्यांचं मादी पिल्लू, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स होऊनही लघवीचा त्रास परत येतोय. काय करावं?

आता अंदाजाने तिसरं अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी लघवीचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करा, तेही डॉक्टरांनी पोटातून सुईने थेट मूत्राशयातून घेतलेल्या नमुन्यावर. वाटीत धरलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात. औषध चालू असताना केलेलं कल्चर खोटंच 'स्वच्छ' येऊ शकतं, हे बरेच जण विसरतात.

पण खरा प्रश्न 'का' हा आहे. झोपेत, चालताना सतत थेंब थेंब गळत असेल तर मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असल्याची शंका घ्यावी. त्यासाठी सोनोग्राफी, कधी सीटी स्कॅन लागतो आणि इलाज बहुधा ऑपरेशनच. अशा गळतीवर 'अजून शिकली नाही' म्हणून पिल्लाला रागावलं जातं, पण बिचारीचा काही दोष नसतो. खडे आहेत का हेही एक्सरे-सोनोग्राफीत पाहून घ्या.

योनीमुख कातडीच्या घडीत दडलेलं असेल तर तिथे ओल साचून संसर्ग होतो. ती जागा हलक्या हाताने पुसून कोरडी ठेवा. अशा पिल्लाच्या नसबंदीची घाई नको. पहिल्या हीटनंतर (माजानंतर) हा भाग बऱ्याचदा आपोआप सुधारतो. नुसता चिकट स्राव असेल आणि बाकी ती मजेत असेल, तर तो लहान वयातला योनीदाहही असू शकतो, तो बहुतेक वेळा वयाबरोबर जातो.

पाणी कमी करू नका. जोर करूनही लघवी होत नसेल, ताप किंवा उलट्या असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.