जळालेली पॉवर बँक कुरिअर करू नका

सेलू तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. 16 नोव्हेंबरला त्यांनी गावाजवळच्या मोबाइल शॉपीतून 1,400 रुपयांची पॉवर बँक घेतली. उन्हाळ्यात एका रात्री लाइट गेली म्हणून फोन तिला जोडून दोन्ही गोधडीवर ठेवले. पहाटे ती फुगली आणि पेटली. विझवायला धावलेल्या पत्नीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, अकरा दिवस परभणीच्या दवाखान्यात गेले. त्या घरी शिवणकाम करतात आणि अजून कात्री धरवत नाही. नंतर भाच्याने मोबाइलवर दाखवलं की बॅटरी तापते म्हणून कंपनीने हे मॉडेल 9 ऑक्टोबरलाच परत मागवलं होतं. आता कंपनी म्हणते, जळालेला तुकडा कुरिअर करा, फॉर्मवर सही करा, नवीन पॉवर बँक आणि 5,000 रुपये देतो. दुकानदार म्हणतो, घ्या अन् मिटवा.

भाऊ, तुकडा देऊ नका आणि सही करू नका. तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या फोटोत खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही.' कंपनीला पाच हजारांत विकत घ्यायची आहे ती ही ओळ. सदोष वस्तू बदलून मिळणं वेगळं आणि भाजलेल्या हाताची भरपाई वेगळी. पहिली घेतली म्हणून दुसरी सोडायची नसते.

तुकड्याचं महत्त्व का, तेही सांगतो. बॅटरीचा दोष पोटात असतो, वरून दिसत नाही. सॅमसंगने 2016 मध्ये गॅलक्सी नोट 7 परत मागवला, पण बॅटरीत नेमका काय दोष होता हे जाहीर केलं जानेवारी 2017 मध्ये, तेही हजारो फोन तपासल्यावर. तुमच्या प्रकरणात ग्राहक आयोगाला वाटलं तर तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवतो. तो कंपनीच्याच गोदामात गेला तर पाठवणार काय? सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मॉडेल नंबर, सिरियल नंबर जेवढा वाचता येईल तेवढा टिपा. मग तुकडा कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा. कडब्याच्या गंजीजवळ मात्र नको, जळालेली लिथियम बॅटरी पुन्हा पेटू शकते. खोका फेकला नसेल तर सोन्यासारखा जपा. त्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव असतं. माल बाहेरच्या देशातला असला तरी आयातदार कायद्याच्या भाषेत 'विक्रेता'च ठरतो, म्हणजे नोटीस बजावायला भारतातला पत्ता मिळाला.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'उत्पादन दायित्व' असं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम 82 ते 87. वस्तूच्या रचनेत किंवा बनावटीत दोष असेल किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल तर कलम 84 प्रमाणे उत्पादक जबाबदार असतो. विक्रेत्यासाठी कलम 86 आहे. विकताना धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोचवली नाही आणि त्यातूनच इजा झाली, तर तोही अडकतो. तुमच्याकडे तर तारखाच बोलतात: 9 ऑक्टोबरला कंपनीने माल परत मागवला, 16 नोव्हेंबरला दुकानदाराने तुम्हाला विकला. 'मला कुणी कळवलंच नाही' असं तो म्हणेल. म्हणू द्या. मग न कळवल्याचा जाब कंपनीला द्यावा लागेल, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवू लागले की तुमचंच काम हलकं होतं.

कच्ची पावती आहे म्हणून घाबरलात, पण पैसे फोनपेवरून दिले ना? बँकेचं स्टेटमेंट काढा. रिकॉलचं, म्हणजे माल परत मागवल्याचं, पान आजच तारखेसकट उतरवून ठेवा, वेबसाइटवरची पानं कधी गायब होतील सांगता येत नाही.

एक दुखरी जागा आहे. गोधडीवर ठेवून चार्जिंग केलं, म्हणजे गैरवापर केला, असा बचाव नक्की येईल. कलम 87 मध्ये गैरवापराची ढाल विक्रेत्याला आहे. ही गोष्ट लपवू नका, तक्रारीत स्वतःच लिहा. खोक्यात 'अंथरुणावर ठेवू नका' असं कुठे, कोणत्या भाषेत, किती मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ते दाखवा. माझ्या मते रिकॉल झालेल्या मालाबाबत हा बचाव फार टिकणार नाही, पण भरपाई थोडी कापली जाऊ शकते, याची तयारी ठेवा.

तक्रारदार वहिनींना करा. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. शिवाय महिलेला उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मागणीत दवाखान्याचा खर्च, वेदना, हातावरचा व्रण आणि जळालेलं सामान धरा. शिवणकामाचं नुकसान मांडताना जपा. 'हानी'च्या व्याख्येतून व्यापारी तोटा वगळलेला आहे, म्हणून 'मशीन बंद पडून धंदा बुडाला' असं लिहू नका. 'हात निकामी झाल्याने कमाई थांबली' असं लिहा आणि बोटांची पकड किती कमी झाली याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. भाजल्याची केस म्हणून दवाखान्याने एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) केली असेल तर तिची नक्कलही घ्या.

तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात होते, कंपनी कुठलीही असो. दावा दहा लाखांचा केला तरी आयोग आणि फी दोन्ही ठरतात ती वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवरून, त्यामुळे फी शून्य. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त तारखा धरून चाला. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, पण भाजलेल्या हाताची भरपाई ठरवणं तिचं काम नाही.

या आठवड्यात कंपनी आणि दुकानदार दोघांनाही रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. तोवर कुरिअरवाला दारात आला, तर चहा पाजा आणि रिकाम्या हाताने परत पाठवा.