तो विषय संपलेला नाही

प्रश्न : मी ३६ वर्षांची, ठाण्याला घोडबंदर रोडवर राहते. मुलगी सात वर्षांची आहे. दुसऱ्या बाळासाठी दीड वर्ष प्रयत्न चालू आहेत. एएमएच (अंडाशयातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.८ आला. सासूबाई म्हणतात, मुलीला अडीच वर्षे अंगावर पाजले, त्यात सगळा कस गेला. जाऊबाईंची मात्र तीन बाळंतपणे व्यवस्थित झाली. पहिल्या बाळंतपणात माझी स्त्रीबीजे संपली का? २०२१ मध्ये डाव्या अंडाशयातील चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढली होती, पण तो विषय संपला.

उत्तर : ताई, तुमच्या दीड पानी पत्रात सासूबाईंना पाऊण पान मिळाले आहे आणि शस्त्रक्रियेला एक ओळ. हे प्रमाण उलटे हवे होते.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात, वयात येईपर्यंत ती ३ ते ४ लाखांवर येतात, आणि पुढे आयुष्यभरात त्यांतली जेमतेम ४०० ते ५०० पाळीच्या चक्रात बाहेर पडतात. उरलेली आतल्या आत विरून जातात. गरोदरपणात पाळी थांबली तरी हे विरणे थांबत नाही आणि अंगावर पाजल्याने ते वाढतही नाही. गरोदरपणात एएमएच खाली येतो, पण बाळंतपणानंतर पुन्हा वर चढतो. त्यामुळे बाळंतपणे मोजून या साठ्याचा हिशेब लागत नाही, तुमचाही नाही आणि जाऊबाईंचाही नाही. मुलीला पाजल्याचा अपराधभाव तुम्ही आजच मनातून काढून टाका.

साठ्याला धक्का लागण्याचे ठळक कारण तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. चॉकलेट सिस्टचे आवरण अंडाशयाच्या निरोगी भागाला इतके चिकटलेले असते, की ते सोलून काढताना स्त्रीबीजे असलेला थोडा भागही निघून येऊ शकतो, आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलेल्या उष्णतेनेही इजा होऊ शकते. ती शस्त्रक्रिया चुकीची होती असे मी म्हणत नाही; अनेकदा ती टाळता येत नाही. पण ज्या आजारातून ही गाठ होते, तो एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) पुन्हा डोके वर काढू शकतो, गर्भनलिकांनाही त्रास देऊ शकतो. मग विषय संपला कसा?

एएमएच कमी आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असे मुळीच नाही. तो अंदाजे संख्या सांगतो, प्रत्येक बीजाचा कस नव्हे. मात्र पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही यश आले नाही, तर वंध्यत्वतज्ज्ञांकडे जायचे असते, आणि तुम्ही त्याच्या तिप्पट काळ घरातली बोलणी ऐकण्यात घालवला, याचा मला राग येतो.

येत्या रविवारी २०२१ ची फाइल शोधा. माळ्यावर असेल तर शिडी लावा, हरवली असेल तर रुग्णालयातून नक्कल मागा. ती घेऊन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्या. पतींना सोबत न्या; त्यांची वीर्यतपासणी झाली की नाही, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. आणि फाइल हाती आली, की उजव्या अंडाशयाविषयी शल्यचिकित्सकांनी काय नोंदवले आहे, ते सर्वांत आधी वाचा.