शालूचा रंग आणि साडेचार हजार

प्रश्न : ताई, येत्या मार्गशीर्षात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. त्यांच्या लग्नातल्या कृष्णधवल फोटोवरून आम्ही भावंडांनी तैलचित्र काढायला दिलंय, २४ बाय ३० इंचांचं, आईला कळू न देता. चित्रकार वहिनीच्या ओळखीतला तरुण मुलगा. त्याने २२ हजार सांगितले, फ्रेम वेगळी. आठ हजार आगाऊ दिले. चित्र होत आल्यावर त्याने फोटो पाठवला, आम्ही सगळ्यांनी ‘मस्त’ म्हणून कळवलं. मग आत्याने पाहिलं आणि म्हणाली, शालू हिरवा नव्हताच, वांगी रंगाचा होता. आता बदलायचे तो आणखी साडेचार हजार मागतोय. आमचे हे म्हणतात, नुसत्या साडीच्या रंगाचे एवढे? दुकानात दोन हजारांत अख्खा फोटो कॅनव्हासवर छापून मिळतो. तो आम्हाला लुबाडतोय का? आणि हे चित्र पत्रिकेवर छापलं तर चालेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लुबाडत नाहीये. उलट २२ हजार हा ओळखीचाच भाव दिसतोय. मीही चित्रकार आहे, मी याहून जास्त सांगितले असते.

हिशोब करून बघा. एवढा कॅनव्हास, बरे रंग, तेल, ब्रश यात तीन-साडेतीन हजार जातात. उरले साडेअठरा. दोन चेहरे, दागिने, जरीचा शालू, म्हणजे माझ्या हाताने तेरा दिवस. दिवसाला चौदाशे पडले. आमच्या सोसायटीत जिन्याला रंग देणाऱ्या मिस्त्रींनी परवा हजार रुपये रोज घेतला, आणि त्यांना कुणी ‘घरचंच काम आहे’ असं म्हटलं नाही.

छापील कॅनव्हासशी तुलना मात्र नको. राजा रविवर्मांनी १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. तेव्हापासून छापील चित्राचा भाव वेगळा आणि हाताने काढलेल्याचा वेगळा.

आता ‘नुसता साडीचा रंग’. हे वाक्य ऐकलं की माझी अजून पाठ दुखते. हिरवा शालू रंगवला की त्याची हिरवी झाक वर हनुवटीखाली चढते, गळ्याच्या सावलीत उतरते, मनगटाच्या आतल्या बाजूला दिसते. आम्ही ती मुद्दाम घालतो, नाहीतर माणूस साडीवर कापून चिकटवल्यासारखा दिसतो. शालू वांगी केला की ती झाक पुसून गळा पुन्हा रंगवायचा, हात पुन्हा, आणि जरीसुद्धा. कारण हिरव्याशेजारची सोनेरी आणि वांग्याशेजारची सोनेरी एकच नसते. त्यात तैलरंग, खालचा थर वाळेपर्यंत थांबायचं. साडेचार हजार म्हणजे तीन दिवसांचे पैसे. तेवढं काम नक्की आहे.

त्याचंही चुकलंच. कृष्णधवल फोटोत हिरवा, लाल, वांगी सगळे सारखेच करडे दिसतात. ‘साडी कुठल्या रंगाची?’ हा पहिला प्रश्न त्याने विचारायला हवा होता, आणि मोठ्या कॅनव्हासला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढं रंगीत कच्चं चित्र दाखवायला हवं होतं. तरुण आहे, शिकेल. मी अशीच शिकले. अगदी सुरुवातीला एका दुकानदारांच्या दिवंगत वडिलांचं चित्र घेतलं होतं, हाताशी फक्त पासपोर्ट फोटो. फोटो स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा इतका गुळगुळीत केलेला की नाकाचं हाडच गायब. मी अंदाजाने नाक काढलं. घरचे आले, म्हणाले, हे तर आमच्या काकांचं नाक. तीनदा बदललं, जास्तीचे पैसे मागायची हिंमत झाली नाही, आणि त्या कामात रंगांचा खर्चसुद्धा निघाला नाही. तेव्हापासून चाळीस टक्के आधी, तीस टक्के कोळशाचं रेखाटन पसंत पडल्यावर, उरलेले चित्र हातात देताना. रेखाटनावर हवे तेवढे बदल फुकट, रंग लागल्यावर प्रत्येक दिवसाचे पैसे. हे सगळं मी आधीच एका कागदावर लिहून देते. सख्ख्या मावशीलाही दिलं होतं. ती आठवडाभर बोलली नाही.

तुमच्यात असा कागद झालेला नाही, त्यामुळे तुमचा ‘मस्त’ हीच पसंती धरावी लागेल. पूर्ण साडेचार हजार द्या. घासाघीस करायचीच तर फ्रेमवाल्याशी करा. आणि निरोप वहिनींमार्फत धाडू नका, स्वतः फोन करा. अशा कामात मधल्या माणसाचं तोंड दोन्हीकडून कडू होतं.

पत्रिकेवर छापायला हरकत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन आपल्यासाठी करवून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. पण कोपऱ्यातली त्याची सही कापू नका, चेहऱ्यांवर फुलांची नक्षी चढवू नका. हक्क तुमच्याकडे आला तरी चित्राला आपलं नाव असावं आणि त्याची मोडतोड होऊ नये, हे मागायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं, त्याची नासधूस झाली. तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाखांची भरपाई आणि उरलेले अवशेष परत द्यायला लावले. तुमचं प्रकरण तिथवर जाणार नाही म्हणा.

पण त्या मुलाला रंग बदलायला सांगण्याआधी एक करा. शालू कुठला होता हे आत्याला नव्हे, आईला विचारा. पन्नास वर्षांपूर्वीच्या वहिनीच्या शालूबद्दल नणंदेच्या आठवणीवर मी तरी साडेचार हजार लावणार नाही. चित्राचं नाव न काढता, भाजी निवडताना सहज विषय काढा. शालू कपाटात असेलच. घडी उलगडून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात फोटो काढा, एक पदराचा आणि एक काठाचा, आणि त्याला पाठवा.